डोटोला सांगू नका

३ जून, सोमवार

आले एकदाची न्यामावेला, डोळ्यांची नर्स म्हणून. म्वांझाच्या बसने फाट्यावर सोडलं, तिथून दगडांच्या रिकाम्या ट्रकने वर आणलं. माझी पेटी, गादी आणि औषधांची खोकी उतरवताना ट्रकवाल्याने विचारलं की एवढ्याशा बाईला एवढं सामान कशाला. मी म्हटलं, माझं नाही बाबा, तुमच्या डोळ्यांचं आहे. गडी खूश झाला आणि सगळी खोकी स्वतः आत नेऊन ठेवली. त्याचं नाव डोटो. चाळिशीचा, पोट सुटलेलं. आम्हा सुकुमा लोकांत जुळ्यांमधला आधी जन्मतो तो कुल्वा आणि मागून येतो तो डोटो, त्यामुळे डोटो भेटला की कुल्वाची खुशाली विचारायचीच, नाहीतर उद्धटपणा ठरतो. मी विचारली. कुल्वा सरोवरावर गेलाय मासे धरायला, एवढंच तो म्हणाला आणि ट्रककडे वळला.

दवाखान्यातली मागची खोली मला तपासणीसाठी मिळाली आहे. समोरच्या भिंतीवर नजर तपासायचा तक्ता टांगला. त्यावर तीन बोटांच्या पंजासारखी चिन्हं, वरच्या ओळीत थाळीएवढी, खाली उतरत मुंगीएवढी. पंजा कुठल्या बाजूला उघडलाय ते सांगायचं. अक्षर न येणाऱ्यालाही जमतं. एकूण अकरा ओळी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून मी एकेक डोळा झाकून बघितला. दोन्ही डोळ्यांना अकरावी ओळ स्वच्छ. एकतिसाव्या वर्षी एवढं टिकलंय, मग बाकी कुठे घसरण झाली असली तरी चालेल.

राहायला डोटोच्या आईकडे, होलोआजीकडे जागा मिळाली. सत्तरीची बाई, डोंगरावर दगड फोडणाऱ्या बायकांची मुकादम. मी वाकून, थोरांना म्हणतात तसं शिकामो म्हटलं, तिने उत्तराचं मराहाबा म्हटलं आणि माझे तळवे उलटसुलट करून बघितले. म्हणाली, हे हात दगडाचे नाहीत, पण खायला तर येत असेल. मक्याच्या पिठाची उगाली आणि सुक्या मासळीचं कालवण पुढे ठेवलं. मी तीनदा वाढून घेतलं. छान झोप येणार आज.

८ जून

डोंगरावर जाऊन आले. चाळीसेक बायका आपापल्या ढिगासमोर पाय पसरून बसलेल्या. हातोड्या ट्रकच्या जुन्या आसांच्या लोखंडाच्या, घाव घालून घालून त्यांच्या कडा फुललेल्या. दगडाची कपची उडते, कधी हातोडीचीच उडते, आणि आवाज एवढा की शेजारणीला हाक ऐकू येत नाही. एकेकीचे डोळे टॉर्चने बघितले. दर तिसऱ्या बाईच्या बुबुळावर पांढरा डाग.

मी चाळीस चष्मे नेले होते, जाड काचेचे, कडेने बंद. होलोआजी म्हणाली, मासा चष्मा लावून पोहतो का. सगळ्या हसल्या. घामाने काच धुरकटते, मग दगडाऐवजी बोट फुटतं, असं एकीचं म्हणणं. तेही खोटं नाही. पण मी हट्टी आहे. आई म्हणायची, लिमीला भिंत दाखवली की ती आधी डोकं आपटून बघते, मग दार शोधते. चष्मे तिथेच पोत्याखाली ठेवून आले.

रोज वीस-पंचवीस जणी येतात दवाखान्यात. कुणाच्या डोळ्यात कण, कुणाला पू. हात शिवशिवतात माझे कामाला.

१० जून

कुल्वाचं कोडं सुटलं. न्यांझोबे नावाची दगड फोडणारी बाई आहे, माझ्याच वयाची, तिने सांगितलं. डोटोचा जुळा सहाव्या वर्षीच तापाने गेला. होलोने त्याला त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत पुरलं आणि सगळ्या गावाला बजावलं, डोटोला सांगू नका. जुळ्यातला मेला तर तो घरात ठेवायचा नाही आणि दुसऱ्यासमोर मेला म्हणायचं नाही, सरोवरावर गेला म्हणायचं. नाहीतर गेलेला परत येतो आणि राहिलेल्याला हाक मारतो. आता डोटो स्वतः पोरीबाळींचा बाप आहे, त्याची मिलेंबे एकोणीस वर्षांची झाली, त्याला काय कळत नाही? पण तोही म्हणतो, कुल्वा सरोवरावर गेलाय. मला हसू आलं आणि नंतर थोडं वाईटही वाटलं.

१९ जून

न्यांझोबेचाच डोळा फुटला, अकरा तारखेला. कपचीने बुबुळ चिरलं, आतलं बाहेर आलेलं. मी पट्टी बांधून डोटोच्या ट्रकने तिला म्वांझाच्या इस्पितळात पाठवलं. त्यांनी डोळा काढला. बरोबरच केलं. असा फाटलेला, कायमचा गेलेला डोळा चौदा दिवसांच्या आत काढला नाही तर कधीकधी चांगला डोळाही आजारी पडून जातो. शंभरात एखाद्याच्या नशिबी येतं, पण येतं.

काल ती परत आली आणि गावात बोंब झाली. सिस्टर बायकांना शहरात धाडते, तिथे डोळे काढतात आणि सोन्याच्या खाणीवाल्यांना विकतात; खाणीत डोळा पुरला की सोनं कुठे आहे ते दिसतं म्हणे. न्यांझोबे ओरडून सांगतेय की डोळा गेलेलाच होता. तिचं कोण ऐकतं? तू स्वतःच विकलास, असं एकीने तिच्या तोंडावर सांगितलं.

आज दवाखान्यात एकही बाई आली नाही. डोंगरावर एकीच्या डोळ्यात कण गेला होता, तिने पाल्याचा रस पिळला. हे ऐकून मला रडू आलं, रागाने. न्यांझोबे आली, खोली झाडली आणि माझ्या समोर बसून राहिली.

२७ जून, म्वांझा

डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. उजव्याने लिहितेय.

सोमवारी डोंगरावर गेले. ठरवलं होतं, कुणी येत नसेल तर मीच रोज जाऊन बसेन. चष्मा लावून हातोडी घेतली, तासभर दगड फोडला, बायका गालात हसत होत्या. मग डोटोची मिलेंबे म्हणाली, बघू कसं दिसतं यातून. कुणीतरी पहिल्यांदा स्वतः मागितला, मला एवढा आनंद झाला की पोत्यातला नवा काढायचं सुचलं नाही, माझाच काढून तिच्या डोळ्यांवर चढवला. पट्टा आवळत होते, तेवढ्यात शेजारच्या हातोडीची कपची उडाली. दुखलं नाही फारसं. गरम पाणी ओघळल्यासारखं वाटलं. हात लावून बघितला आणि मला समजलं ते पाणी नाही.

इथे लोखंड काढलं, टाके घातले. डाव्याने उजेडही दिसत नाही. टॉर्च अगदी जवळ धरली तरी नाही. मी हे इतक्या जणींना सांगितलंय, आता मला सांगितलं.

१ जुलै, न्यामावे

परत आले. डोळा घेऊन आले.

म्वांझाच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्यांनी तीनदा समजावलं की डोळा काढू या, आठ तारखेच्या आत, तुम्हाला मी वेगळं काय सांगणार. खरंच, मला काय सांगणार. पण मी रिकामी खोबण घेऊन न्यामावेत उतरले तर तो दवाखाना बंद झाला म्हणून समजा. दहा वर्षं एकही बाई आपलं पोर माझ्यापुढे आणणार नाही. शंभरात एखादी, आणि मी ती एखादी नाही. मी नको म्हणून सही केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या डोळ्यात काही वाटलं, उजेड खुपला, जवळचं धूसर दिसलं, तर त्याच दिवशी निघून या. मी हो म्हटलं.

फाट्यावर बायका उभ्या होत्या. मी काळा चष्मा काढून दाखवला. लाल, शिवलेला, पण जागेवर. होलोआजी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

५ जुलै

आज सतरा जणी आल्या. सतरा. दोघींनी चष्मा लावून काम केलं. कोण म्हणतं मी चुकले?

८ जुलै, सोमवार

चौदावा दिवस. दुपारी होलोआजी खोलीत आली, दार लोटून घेतलं. म्हणाली, दोन डोळे म्हणजे कुल्वा आणि डोटो. तुझा कुल्वा मेलाय आणि तू त्याला घरात ठेवून बसलीस. आज काढ आणि पूर, मी जागा बघून ठेवलीय. मी तिला सांगितलं की आजी, डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकातही हेच लिहिलंय, चौदा दिवसांत काढा म्हणून. मी त्यांना नाही म्हटलं, तुलाही नाही म्हणते. ती चिडली नाही. मग निदान त्याच्यासमोर बोलू तरी नकोस, असं म्हणाली. विचारलं कुणी तर डावा सरोवरावर गेलाय म्हणून सांग. उजव्याला कळता कामा नये.

ती गेल्यावर मला संताप आला. पुस्तकाचं भय वेगळं, ते मी तोलून घेतलंय. पण आता स्वतःच्याच डोळ्याशी खोटं बोलत बसू? आरशासमोर उभी राहिले, चष्मा काढला आणि उजव्या डोळ्यात बघून मोठ्याने म्हटलं, कुल्वा मेला. ऐकलंस? तो मेलाय, त्याला काही दिसत नाही, आता तुला एकट्यालाच बघायचंय.

काही झालं नाही. होणार काय होतं? उजवा: अकरावी ओळ.

२१ जुलै

दिवसाला तीस जणी. आता डोंगरावर अकरा चष्मे वापरात आहेत. बायका मला ‘डोळेवाली’ म्हणतात, आणि हे चिडवणं नाही.

डाव्या डोळ्यात दुपारी ठिणग्या दिसतात. मेलेल्या डोळ्यात असं होतं, मीच रुग्णांना सांगत असते. उजवा: अकरावी.

२९ जुलै

ठिणग्या थांबल्या. आता दुपारी बारा वाजले की डाव्या डोळ्यात पांढरा उजेड भरतो आणि तासभर तसाच राहतो. उजवा झाकला तरी दिसतो, उघडला तरी मागे असतोच. डोंगरावरचं दुपारचं ऊन असतं तसा. त्यात लांबवर काहीतरी काळं आहे. हलतंय.

३ ऑगस्ट

बाई आहे. पाठमोरी, पाय पसरून बसलेली. दगड फोडतेय. डावा हात वर जातो, खाली येतो. आवाज नाही.

मला भीती वाटली, हे लिहून ठेवते, खोटं कशाला. पण डाव्या हाताने फोडणारी बाई न्यामावेत एकही नाही, हे लक्षात आलं आणि मग मी कुतूहलाने बघत बसले. उजवा: अकरावी.

६ ऑगस्ट

उजवा: दहावी. रात्री झोप झाली नव्हती, त्यामुळे असेल.

९ ऑगस्ट

नववी. पंजे मला पाठ होतील म्हणून न्यांझोबे तक्ता फिरवून लावते. ती म्हणाली, तू वही लांब धरून का लिहितेस. मी म्हटलं, सवय.

बाई जवळ आलीय. ती घाव घालते तेव्हा उजव्या डोळ्यात टोचतं. आज मी मोजलं, घाव आणि टोचणी, घाव आणि टोचणी. एकदाही चुकलं नाही.

१२ ऑगस्ट

सातवी.

आरशात टॉर्च धरून उजवा डोळा बघितला. लाल कडा, बाहुली आक्रसलेली, उजेड सोसत नाही. पुस्तकातलं चित्रच समोर. त्या आजाराचं नाव मोठं प्रेमळ आहे: दुखावलेल्या डोळ्याच्या सहानुभूतीने चांगला डोळा आजारी पडतो. सहानुभूती. सहा दिवस मी माझ्याच डोळ्याकडे कानाडोळा केला. दुसऱ्या कुणी केला असता तर मी तिला फैलावर घेतलं असतं.

पण मी काही कुणाची वाट बघत बसणारी नाही. उद्या जाते.

१५ ऑगस्ट, म्वांझा

डॉक्टरीणबाईंनी रागावायला हवं होतं. त्या नुसत्या माझा हात धरून बसल्या. गोळ्यांचा मोठा डोस, थेंब, दर आठवड्याला या म्हणाल्या. डावा आता काढून फारसा उपयोग नाही. नजर राहील का विचारलं तर म्हणाल्या, झगडू या.

त्या बाईबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, असं खूप जणांना दिसतं, डोळा रिकामा झाला की मेंदू आपलीच चित्रं भरतो, ती चित्रं कधी इजा करत नाहीत. बरं वाटलं ऐकून. पण घावाबरोबर टोचतं ते? त्यांनी दुसऱ्यांदा टॉर्च मारून बघितलं.

२३ ऑगस्ट

पाचवी. गोळ्यांनी तोंड सुजलंय. होलोआजी म्हणते, भाकरीसारखी फुगलीस, आता तरी नवरा मिळेल.

डोळ्यांतले कण आता न्यांझोबे काढते, मी फक्त शेजारी बसून सांगते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. दोघी मिळून दीड डोळा, आणि रोज पंचवीस जणी. वासरात लंगडी गाय शहाणी, ती ही अशी.

आज त्या बाईच्या समोरचा ढीग नीट दिसला. ते दगड नाहीत. तक्त्यावरचे पंजे आहेत. मुंगीएवढे, अकराव्या ओळीचे, फोडून झालेले. दहावी ओळ. नववी. सहावी ओळ तिच्या मांडीवर.

२६ ऑगस्ट

चौथी. त्या बाईने होलोआजीचा चेहरा घेतला आज. बाराला तिच्या हातात बघितला, सुरकुत्यांसकट, मग हातोडी आली. संध्याकाळी आजी समोर बसली तर खांद्यावर नुसता करडा गोळा. आवाज तिचाच. मी तिचा हात हातात घेतला. तिने विचारलं, तुझ्या डोटोला कळलं ना? मी हो म्हटलं. तूच सांगितलंस ना? मी हो म्हटलं. ती उठून गेली नाही.

२८ ऑगस्ट

विचार केला की कशाकडेच बघू नये. डोळे बांधून बसावं, बघितलंच नाही तर ती फोडणार काय? अर्धा दिवस बांधून बसले. मग लाज वाटली. पट्टी सोडली, न्यांझोबेचा हात धरून डोंगरावर गेले आणि दिवसभर बघत राहिले. सरोवर, ढीग, बायकांचे लाल-निळे कपडे, मिलेंबेचं तोंड, डोटोचं पोट. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

फोड म्हटलं तिला. जेवढं फोडशील त्यापेक्षा जास्त बघीन.

२ सप्टेंबर

तिसरी. सरोवर गेलं—

तिला गोळ्या खुपतात बहुतेक. घाव चुकतात अधूनमधून. दर आठवड्याला म्वांझाला जातेय, एकही गोळी सोडलेली नाही.

५ सप्टेंबर

दुसरी.

ती वळली आज. माझंच तोंड. डावा डोळा स्वच्छ, टवटवीत, असा माझा कधी नव्हता. उजव्या जागी खोबण. ती माझ्या उजव्याकडे बघतेय, हक्काने, आपली विसरलेली वस्तू सापडल्यासारखी.

मी म्हटलं, बाजूला हो. माझा उजेड अडवतेस.

१० सप्टेंबर

पहिली ओळ—नाही. थाळीएवढा पंजा, नाही. हात हललेला कळतो. खिडकी कुठे ते कळतं.

न्यांझोबेने पुठ्ठ्याला खाच पाडून दिलीय. खाचेत लिहायचं, मग पुठ्ठा खाली सरकवायचा. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर—असू देत.

दवाखाना चालू आहे. आज एकोणीस.

१४ सप्टेंबर

हे नीट लिहायचंय. सावकाश लिहिते.

मिलेंबेला लागलं. चष्मा पोत्यावर ठेवून पाणी प्यायला उठली होती, तेवढ्यात. न्यांझोबेने टॉर्च मारून सांगितलं, बुबुळ चिरलंय, आतलं बाहेर आलंय, माझ्यासारखं. मी बोट तिच्या पापणीवर ठेवलं, दाबलं नाही. एवढं पुरे होतं.

दाराशी सगळ्या बायका. पाठवायची नाही म्हणाल्या. सिस्टरनेही नाही दिला स्वतःचा, मग पोरीचा का द्यायचा. मिलेंबे रडत म्हणाली, मला पण तुझ्यासारखं डोळ्यासकट राहायचं.

माझ्यासारखं. माझ्यामुळे ती नाही म्हणतेय. मी जागेवर ठेवलेला डोळा बघून.

मी उठून दारात उभी राहिले. काळा चष्मा काढला. आवाजाच्या दिशेने तोंड केलं. म्हटलं, बघा. नीट बघा, मला दिसत नाही तुम्ही बघताय का ते. माझा कुणी विकला नाही. दोन्ही जागेवर आहेत. काय कामाचे आहेत? मी चौदा दिवसांत काढायला हवा होता. मला माहीत होतं. तुम्ही यायला हव्यात म्हणून ठेवला, आणि मला वाटलं मी शहाणी आहे. एक वाचवायला गेले, दोन्ही गेले. ही न्यांझोबे, हिचा एक काढला, ही सुईत दोरा ओवते. आता ठरवा.

मग डोटोचा आवाज. मी त्याला इतका हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, कुल्वा सरोवरावर गेला नाही. कुल्वा मेला. आईने त्याला त्याच दिवशी पुरला, म्हणून मी आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या तोंडाने.

होलोआजी जमिनीवर बसल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, उभे काय राहिलात, ट्रक काढा.

ट्रक गेला. मी उंबऱ्यावर बसून आवाज पार फाट्यावर जाईपर्यंत ऐकला.

१६ सप्टेंबर

हात हललेलाही कळत नाही आज. खिडकी—उन्हाने कळते, गालावर.

पण ती दिसते. दिवसभर दिसते आता, बारा वाजायची वाट बघत नाही. ढीग मोठा झालाय. त्यात डोटोचं पोट, लाल कपडा. सगळं मी बघितलेलं—

१८ सप्टेंबर

अठरा जणी. न्यांझोबेने केलं सगळं. मी फक्त—

ती खोलीत आहे. उभी. हातोडी हातात.

म्हटलं बस. दारात रांग आहे, नंबर लाव.

२१ सप्टेंबर

डोटो आला. धापा टाकत सांगितलं—मिलेंबेचा डोळा तिसऱ्या दिवशी काढला. जखम स्वच्छ. दुसऱ्या डोळ्याने मिलेंबेने तक्ता वाचला, अकरावी ओळ, एकही चूक नाही. आता ट्रकमध्ये बसलीय, होलोआजी तिला मिठीतून सोडत नाही, बाहेर सगळ्या हसतायत, मला ऐकू येतंय. तिच्या नावाने आजी शिव्या देतेय आणि रडतेय. मी पण रडले. डोळे रडतात अजून, तेवढं येतं त्यांना.

पेन चालतंय की नाही कळत नाही. शाई संपली असेल तर हे कुणालाच—तरी लिहिते.

ती समोर उभी आहे. हात पसरलाय. ढीग संपला तिचा, सगळं फोडून झालं, सरोवर, चेहरे, सगळं. आणखी मागतेय. बाहेरचं हसणं ऐकून मान वळवतेय, तिला मिलेंबे हवीय—

नाही मिळणार.

उजवा नेलास. ने. पण परत आलेली मिलेंबे मी पाहिलेली नाही. तिचा तो वाचलेला डोळा मी पाहिलेला नाही, कधीच बघणार नाही. फक्त ऐकलाय. उचल हातोडी. मी बघितलं तेवढंच तुझ्या ढिगात येतं. जे मी पाहिलंच नाही ते तुला फोडता—